आडनावाचा झाला हुद्दा

केर्लबाख, २ फेब्रुवारी १८९८

गेरेऑन,

वर आशीर्वाद लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. चिलीतल्या वाल्परायसोचा तुझा पत्ता मी चोरलाय. तुझ्या पोलोनिया आत्याला दर नाताळात तुझं कार्ड येतं. कार्ड ती मला दाखवत नाही, पण पाकीट मुद्दाम माझ्या बशीशेजारी ठेवते. इतकी वर्षं ते पाकीट मी बघून न बघितल्यासारखं केलं, यंदा मात्र पत्ता उतरवून घेतला.

आताच का, ते विचारू नकोस. बसवत नाही, वाचवत नाही, शाळेतून आलो की चुलीपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. आत्या म्हणते, "बाल्टेस, फरशी झिजेल. एक तर बूड टेक, नाहीतर बाहेर जा." बाहेर जायला मन घेत नाही.

गेल्या गुरुवारी कैसरचा वाढदिवस झाला. तू होतास तेव्हासारखाच सगळा थाट: तसबिरीला देवदारच्या डहाळ्या, पोरांच्या अंगात चर्चचे कपडे, भाषण, मग तीनदा "हॉख"चा जयघोष, मग प्रत्येकाला एक साखरपाव. भाषणाची पाळी यंदा माझी होती. माझा घसा बसला, म्हणून सेव्हरिनने वाचलं. तुझ्या बाकावर बसायचा तो सेव्हरिन रॉयलांड, तो आता आमच्याच शाळेत सर्वांत धाकटा मास्तर आहे.

कैसर हा शब्द आला कुठून, असा विषय होता. आपल्याकडे हुद्द्याचं आडनाव होतं, हे पोरांना ठाऊक असतं. पणजोबा जमीनदाराचा कारभारी, म्हणून हा मायर. खापरपणजोबा गावाचा मुखिया, म्हणून तो शुल्झ. कैसरचं नेमकं उलटं. रोममध्ये सीझर हे एका घराण्याचं साधं आडनाव. त्या घरातल्या एकाने देश जिंकले, राजा मात्र झाला नाही, भर सभेत भोसकला गेला. वारसांनी त्याचं आडनाव लावलं, वारसांच्या वारसांनी लावलं, पुढे त्या रक्ताशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनीही लावलं, आणि आडनावाचा झाला हुद्दा. रशियाचा झारसुद्धा त्यातलाच. पुढची गंमत अशी की खुद्द रोमन लोकांच्या नातवंडांनी तो उच्चार बिघडवला आणि आपल्या रानटी पूर्वजांनी तो कानावर पडला तसा सांभाळला. केर्लबाखचं शेंबडं पोर "कैसर" म्हणतं तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शिपायासारखं बोलत असतं. इथवर सगळे खूष होते. जिल्हाधिकारीसाहेब मान डोलावत होते.

मग अर्थ. त्यावर पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, दाट केसांचा. पण तो नामांकित सीझर तर टकला होता. कुणी म्हणतं, आईचं पोट कापून काढलेला. आणि कुणी म्हणतं, आफ्रिकेतल्या मूर लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ हत्ती. टकल्यावर पोरं खुसखुसली. हत्तीवर मागचे तीन बाक असे फुटले की रेक्टर विखमान ताडकन उठला आणि त्याने तिथेच "हॉख" सुरू करून दिलं. शेवटचं पान वाचायचं राहूनच गेलं. आणि तो हॉखही हसण्यात बुडाला.

काल त्या भाषणाची चौकशी करायला पोलीस येऊन गेला. भला माणूस आहे, टोपी हातात धरून उभा होता. त्याला मी सांगितलं, माझा घसा बसला होता, मी मागे बसलो होतो, त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही. त्याने लिहून घेतलं, मी सही केली.

आज शेगडीत जुने कागद जाळले. खोलीत अजून धूर आहे.

बाल्थाझार थीलेन


केर्लबाख, २४ फेब्रुवारी

गेरेऑन,

आधीचं पत्र अजून समुद्रातच असेल, तोवर हे दुसरं. मला दम निघत नाही.

कार्निव्हलच्या आठवड्यात गावभर हत्ती उगवले. खडूचे हत्ती. पाणवठ्यावर, पिंपांवर, चर्चच्या मागच्या भिंतीवर, आणि प्रत्येक हत्तीला वर पिळलेल्या टोकदार मिशा. शाळेतल्या तसबिरीत आहेत तशाच, आणखी सांगायला नको. सोमवारच्या मिरवणुकीत तर कागदाचा एक भला मोठा हत्ती निघाला आणि लोक त्याला वाकून मुजरे करत होते. मीही हसलो रे. खिडकीत उभा राहून पोट धरून हसलो. मागे वळलो तर आत्या.

"हस," ती म्हणाली. "तुझा घसा बराय वाटतं आता."

त्याच दिवशी कुणीतरी सही न करता शहरात पोलिसांना सेव्हरिनविरुद्ध पत्र टाकलं आणि काल, राखेच्या बुधवारी, सेव्हरिनला नेलं. कैसरचा अपमान केला हा गुन्हा. तो चर्चमधून बाहेर पडत होता, कपाळावर राखेचा क्रूस तसाच होता. पुसायलाही वेळ दिला नाही.

पोरांच्या तर जबान्या चालल्या होत्या दोन आठवडे. एकेकाला विखमानच्या खोलीत उभं करून विचारायचे, मास्तर काय म्हणाले, शब्दन् शब्द सांग. जो अडखळला त्याला छडी, आणि दुसऱ्याला विचारून ये म्हणून परत पाठवणी. आता एकशेचाळीस पोरांना ते भाषण धर्माच्या प्रश्नोत्तरांपेक्षा चोख पाठ आहे.

आज सकाळी सेव्हरिनची आई आली होती. रॉयलांडबाईंना तू ओळखतोस. नवरा गेल्यापासून तो उभ्या चढणीचा द्राक्षमळा एकट्या करतात. खुर्चीच्या कडेवर बसल्या, हात मांडीखाली दाबून.

"सर, तुम्ही शिकलेले. मला एवढंच सांगा, माझ्या पोराला हे सुचलं कुठून? त्याला लॅटिन कधी जमलं नाही. तुम्हीच नाही का नापास केलंत त्याला, दोनदा?"

मी म्हटलं, "पुस्तकं असतात, बाई."

"आमच्या घरी पंचांग आहे आणि प्रार्थनेचं पुस्तक. त्यात हत्ती नाही."

त्या गेल्यावर आत्याने त्यांचा न प्यायलेला कॉफीचा पेला उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाई त्याला खवखवे. तेवीस जानेवारीपासून ह्याच टेबलावर कुणाची बोटं शाईने माखली होती, ते मी बघितलंय, बाल्टेस. मी बोलत नाही म्हणून आंधळी समजू नकोस."

तेव्हा हे घे, गेरेऑन. भाषण माझं होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पानापर्यंत माझं. कैसरची निंदा करायची असं माझ्या मनातही नव्हतं. शहाणपण दाखवायचं होतं. तेच तेच "जय हो, विजय हो" ऐकून कान किटले होते, वाटलं, एकदा तरी पोरांना ह्या दिवशी काहीतरी खरं ऐकू द्यावं. मग त्या दिवशी सकाळी विखमान म्हणाला की जिल्हाधिकारी येणार, पहिल्या रांगेत. मी टकल्याचं आणि हत्तीचं वाक्य परत वाचलं आणि लेखणी हातात घेतली. खोडायचं तर सगळ्यांत आवडतं वाक्य तेच. खोडवेना, वाचवेना. मी गळ्याला फडकं गुंडाळलं आणि अर्धा तास आधी ते कागद सेव्हरिनच्या हातात दिले. "अरे, वाच एवढं, माझा घसा गेला." त्याने कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "सर, हे फार मजेचं आहे!" त्याला खरंच आवडलं होतं.

वाचून झाल्यावर ते कागद मी त्याच्याकडून परत मागून घेतले. पहिल्या पत्रात लिहिलं ते, शेगडीत गेलेले जुने कागद म्हणजे तेच.

बा. थीलेन


केर्लबाख, २८ एप्रिल

गेरेऑन,

परवा मंगळवारी खटला झाला. नऊ महिने, आणि पुन्हा कधी शाळेत उभं राहायचं नाही.

मी बोललो. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचल्यावर तुला खरं वाटणार नाही. सेव्हरिन वागायला कसा आहे हे सांगायला मला बोलावलं होतं. मी कठड्याला धरून म्हटलं, "भाषण मी लिहिलं. ह्याने फक्त वाचलं." दोन महिने ते वाक्य मी चालता चालता म्हणत होतो. तोंडातून निघालं तेव्हा वाटलं, आता छत कोसळेल.

छत कोसळलं नाही. न्यायाधीश हसले. चांगलं, मायेने हसले.

"थीलेनसर, हे तुमच्या मनाच्या मोठेपणाला शोभतं. पण मूळ कागद कुठे आहे?"

"जाळला."

"का?"

ह्याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. त्यांनी माझीच फेब्रुवारीतली जबानी वाचून दाखवली: घसा बसला होता, मागे बसलो होतो, काही ठाऊक नाही. खाली माझी ठसठशीत सही. मग त्यांनी सेव्हरिनकडे वळून विचारलं, हे खरं का? त्याने माझ्याकडे पाहिलं. वाळलाय. म्हणाला, "थीलेनसरांचा घसा बसला होता. त्यांना काही म्हणायचं नव्हतं."

त्याने मला वाचवलं की थोबाडीत मारली, अजून कळत नाही. बहुधा दोन्ही.

आणि आता मी गावात साधू ठरलोय! पाववाला टोपी काढतो. विखमानने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "धाकट्यासाठी स्वतःवर ओढून घ्यायला निघालात, थीलेन. याला म्हणतात जुन्या वळणाचा शिक्षक." खरं बोललो त्याची ही बक्षिसी. वरातीमागून घोडं नाचवलं की लोकांना ते घोडंही गोड वाटतं.

आत्या जेवताना एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांदा."

दुसऱ्यांदा, हे बरोबर आहे. गेरेऑन, १८९१ च्या मे महिन्यात विखमानच्या दारावर कुणीतरी घाण चित्र काढलं आणि त्याने तुझं नाव घेतलं. शिक्षकांच्या बैठकीत मी त्याच्या समोरच बसलो होतो. त्या दिवशी तू तापाने फणफणला होतास. मी स्वतः तुझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून बसलो, कारण विखमान नवा होता आणि माझ्या बढतीचा कागद त्याच्या टेबलावर होता. तुला शाळेतून काढलं. तू ट्रंक भरलीस तेव्हाही मी बागेत गुलाब छाटत होतो. असला मुर्दाडपणा! तुझा राग खरा आहे. मला माझा त्याहून जास्त येतो, पण त्याने तुझं काही परत येत नाही.

सेव्हरिन अजून आत आहे, म्हणजे एकाचं तरी करण्यासारखं उरलंय. कसं, ते सुचत नाही. रात्रंदिवस तेच.

तुझा बाप


केर्लबाख, २ सप्टेंबर, संध्याकाळ

गेरेऑन,

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

आज सेदानला फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयाचा दिवस. शाळेत पुन्हा तसबीर, पुन्हा डहाळ्या, ओकच्या. विखमानने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, "यंदा तुम्हीच बोला, थीलेन. नवे शाळा-तपासनीस येताहेत, तुमच्यासारखा भारदस्त माणूस हवा. आणि हे बघा, 'जर्मन कैसर' म्हणायचं, 'जर्मनीचा कैसर' नाही, ह्या गोष्टीवर ते फार काटेकोर आहेत." मी म्हटलं, चुकणार नाही.

सेदानवर मी दोनच वाक्यं बोललो. मग म्हणालो, ज्या पदवीसाठी एवढे मेले, ती आली कुठून ते बघू या. आणि सुरुवात केली. कागद नव्हताच. मायर, शुल्झ, रोममधलं ते आडनाव, सभेतला खून, झार, शेंबडं पोर आणि रोमन शिपाई. एकही शब्द बदलला नाही.

पोरांनी दुसऱ्याच वाक्याला ओळखलं. मला दिसत होतं, माना ताठ झाल्या, पापणी हलेना. विखमानचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, पण तपासनीसाच्या शेजारी बसून उठणार कसा? मी टकला म्हटलं. हत्ती म्हटलं. कुणी हसलं नाही. एक खोकलासुद्धा नाही. छडीने केवढं शिकवलं होतं त्यांना!

मी थांबलो आणि तपासनीस टाळ्या वाजवत उभे राहिले. मग माझ्या हाती त्यांचा हात.

"विद्वत्ता आणि देशभक्ती, दोन्ही! रेक्टर, हे छापायला हवं. असं भाषण जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत व्हायला हवं."

"झालंय साहेब एकदा," मी म्हटलं. "ह्याच सभागृहात, जानेवारीत. ते वाचणारा पोरगा त्यासाठी तुरुंगात बसलाय. लिहिणारा मी आहे, आणि तुम्ही आत्ता हात माझा धरलाय."

त्यांनी हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा. "भलतंच काय! हे तेच भाषण कशावरून?"

मी पोरांकडे वळलो आणि म्हटलं, "रोममध्ये सीझर हे—"

"एका घराण्याचं साधं आडनाव," एकशेचाळीस गळे म्हणाले.

"वारसांच्या वारसांनी लावलं, पुढे—"

"त्या रक्ताशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनीही लावलं!"

"खाली बसा!" विखमान किंचाळला. पोरं खालीच बसलेली होती. "मूर लोकांच्या भाषेत—" मी म्हटलं आणि त्यांनी "हत्ती" म्हटलं, मोठ्याने आणि सावकाश, धर्माच्या तासाला म्हणावं तसं. मागच्या भिंतीला रॉयलांडबाई उभ्या होत्या. सेदानला गावकऱ्यांना मुभा असते. त्यांनी डोक्यावरच्या काळ्या रुमालाने तोंड झाकलं आणि रडल्या.

त्यानंतर गोंधळ झाला, तो लिहीत नाही. साखरपाव वाटायचे राहिले. तपासनीस जाताना विखमानला एवढंच म्हणाले, "ह्याला अटक करायची तर मला साक्ष द्यावी लागेल की मी टाळ्या वाजवल्या." मी घरी येऊन सगळं पुन्हा लिहून काढलं, शेवटच्या पानासकट, खाली नाव, तारीख, आणि आत्याला साक्षीला सही करायला लावली. तिने चष्मा शोधायला इतका वेळ लावला की मीच ओरडलो.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "चांगलं करणाऱ्या माणसाला घाई कसली?" मग सही केली आणि मला सूप वाढलं. फेब्रुवारीपासून तिने मला पहिल्यांदा आपल्या हाताने वाढलं.

तुझा बाप


केर्लबाख, ६ नोव्हेंबर

गेरेऑन,

तुझं पत्र नाही. मी वाटही बघितली आणि बघत नाही असंही म्हणत राहिलो.

खटला पुन्हा उघडला. न्यायाधीश तेच होते, ह्या वेळी हसले नाहीत. मला एका खोलीत बसवलं आणि ते न वाचलेलं शेवटचं पान लिहून मागितलं. सेव्हरिनला दुसऱ्या खोलीत तेच विचारलं. त्याने भाषणाआधीच्या त्या अर्ध्या तासात एकदाच ते पान पाहिलं होतं, पण त्याला आठवलं. शेवटी असं होतं: "तेव्हा पोरांनो, आपलं आडनाव जपून वापरा. पुढे कोण ते लावील आणि त्याचा काय अर्थ होईल, ते आपल्या हातात नसतं. आपण असेतोवर ते स्वच्छ राहावं, एवढंच हातात असतं." दोघांचं जुळलं. लिहिताना ते वाक्य मला छान सुचलं म्हणून लिहिलं होतं. परवा तिथे, पोलिसासमोर ते पुन्हा लिहिताना मान वर करवली नाही.

सेव्हरिनची शिक्षा सहा महिन्यांवर आली, ती त्याने भरलीच आहे, आता नुसता सुटकेचा कागद यायचाय. शाळेबद्दलचा हुकूमही उठला. मला पाच महिने आणि नोकरी संपली. वकील म्हणाला, वयामुळे स्वस्तात सुटलात. सुटलो म्हणजे काय ते त्याला कळणार नाही. मी रात्रभर झोपतो, गेरेऑन. जानेवारीपासून प्रथमच.

विखमानलाही लिहिलंय: १८९१ च्या मे महिन्यात माझा मुलगा तापाने घरी होता, हे मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. एक नक्कल गावच्या पुस्तकात नोंदवायला दिली. त्याने तुला तुझी सात वर्षं मिळणार नाहीत. केर्लबाखमध्ये कुणी तुझं नाव काढलं तर आता त्याला ते पान दाखवता येईल, बस.

परवा सकाळच्या गाडीने निघायचं. आत्या लोकरी मोजे भरतेय आणि बडबडतेय की तुरुंगातलं सूप पातळ असतं, ती मटाराचं दाट सूप बरणीत देणार आहे, कुणी अडवून तर बघू दे. ह्या पाकिटात ती स्वतःच्याही चार ओळी वेगळ्या घालणार म्हणते.

मी आत जायचं त्याच तासाला सेव्हरिन बाहेर येणार. फाटकात आमची गाठ पडेल. त्याला काय म्हणायचं, ते दोन दिवस शोधतोय. चाळीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलं आणि एक शब्द सापडत नाही. आमच्याकडे रीत अशी की धाकट्याने आधी हॅट काढायची, थोरल्याने मग नुसता कडेला हात लावायचा. शिकवलेल्या पोरासमोर आजवर मी कधी डोकं उघडं केलं नाही. परवा तो फाटकात दिसला की मी माझी हॅट आधी काढणार आहे, आणि तो पुरता निघून जाईपर्यंत घालणार नाही.

तुझा बाप,
बाल्थाझार थीलेन